उभ्या यजमानाची साखर

२० ऑगस्ट

ईस्टरनंतर आज पहिल्यांदा ही वही उघडली. इतके महिने काहीच लिहिलं नाही, त्याची माफी मागायला हवी. पण कुणाची? माझ्याशिवाय ही कुणी वाचत नाही. वेळ नव्हता असं म्हणणं खोटं होईल. लिहिलं की ते खरोखर घडलं असं ठरतं, आणि मला ते ठरायला नको होतं.

घडलं ते असं. रविवारी दुपारी माझ्या नवऱ्याने, द्रागिशाने, कलिंगड मागितलं. मी म्हणाले, सकाळीच संपवलंस. यंदाच्या उन्हाळ्यात तो कलिंगडं, लिंबूपाणी, विहिरीचं पाणी, जे दिसेल ते पितोय, रात्रभर उठतोय आणि दिवसभर सगळ्यांवर गुरकावतोय. मी फक्त ‘संपवलंस’ म्हणाले. सुरात टोमणा होता का? प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. थोडा असावा.

या वेळी थप्पड नव्हती, मूठ होती. माझा वरचा दात हलला, आणि त्याच दाताने त्याच्या मधल्या बोटाचं पेर फाटलं. मी आधी त्याच्या हाताला आयोडीन लावलं आणि मग स्वतःचं तोंड धुतलं. हे लिहून ठेवते, कारण असं का केलं ते मला अजून कळलेलं नाही.

इस्क्रा दारात होती. आमची सोळा वर्षांची मुलगी, हातात खुर्ची उचलून धरलेली, वापरायला की अडवायला ते तिलाही माहीत नसावं. तिने खुर्ची खाली ठेवली आणि खोलीत गेली.

आज शाळेत फेरपरीक्षा. रसायनशास्त्रात अकरा मुलं. ओठ सुजलाय म्हणून मी प्रश्न तोंडी न सांगता फळ्यावर लिहिले.

२७ ऑगस्ट

पेर भरत नाही. उलट हिरवट पू आणि मनगटापर्यंत लाली. द्रागिशा म्हणत होता, राकिया, आपली घरची प्लमची दारू, ओतली की बरं होतं, आठवडाभर ओतली. शेवटी पाना धरता येईना, गॅरेजमध्ये दोन ट्रॅक्टर उघडे पडून राहिले, तेव्हा आरोग्यकेंद्रात आला.

डॉक्टर ल्युबिंका निवृत्तीला आल्या आहेत, गावातलं निम्मं माणूस त्यांच्या हातून जन्मलंय. त्यांनी जखम पाहिली आणि कशाने झाली विचारलं. द्रागिशा म्हणाला, डब्याच्या पत्र्याच्या झाकणाने. मग त्या माझ्याकडे वळल्या. ओठ अजून पिवळा-निळा होता.

“आणि तुम्हाला, यास्नाबाई? त्याच झाकणाने?”

मी हो म्हणाले. त्यांनी काहीतरी लिहिलं. मग द्रागिशाचं दुसरं बोट टोचून रक्ताचा थेंब यंत्रावर घेतला. अठरा. उपाशीपोटी सहा मिलिमोलच्या आत हवी, असं त्या म्हणाल्या.

मग एकेक विचारत गेल्या. तहान? रात्रीचं उठणं? पट्ट्याची भोकं आत गेली का? लांबचं धूसर दिसतं का? सगळ्याला हो. द्रागिशा हळूहळू खुर्चीत बुडत गेला. बाईंनी सांगितलं, ही साखर एका उन्हाळ्यात चढलेली नाही. पाच-सात वर्षं मुरतेय, नुसतं कुणी पाहिलं नाही. पोट, बसकं काम, पांढरा पाव, आणि घराण्यात असतं ते वेगळंच. वडील कशाने गेले?

“खिळ्याने,” द्रागिशा म्हणाला. “पायात घुसला होता. आधी बोट कापलं, मग घोटा.”

“खिळा काढल्यावरही?”



तो कपडे घालत असताना मी बाईंना हळूच विचारलं, साखरेने माणूस चिडतो का.

“चिडतो की. झोप नाही, अंगात त्राण नाही, तो चिडणारच. माझे निम्मे रुग्ण चिडके आहेत. मला अजून कुणी मारलेलं नाही.”

घरी येताना मला चक्क हलकं वाटत होतं. चिडतो. याला कारण आहे, त्या कारणाला नाव आहे, आणि गोळी आहे. पाच-सात वर्षं. मनात हिशेब केला तर मारणंही साधारण तेवढ्याच काळातलं. इस्क्राच्या जन्माआधीची एक वेळ धरली नाही. ती वेगळी होती.

संध्याकाळी इस्क्राला सांगितलं. ती गेला महिनाभर मागे लागली आहे की आपण दोघी निशला मावशीकडे राहायला जाऊ. मी तिला म्हणाले, मला वेळ दे. जुर्जित्सपर्यंत, म्हणजे आपल्या घराच्या संताच्या दिवसापर्यंत. सोळा नोव्हेंबर. तोवर मी त्याची साखर आटोक्यात आणते. आली, आणि त्यानंतरही हात उठला, तर आपण जाऊ. मी शब्द दिला आहे. तो इथे लिहून ठेवते म्हणजे मला बदलता येणार नाही.

५ सप्टेंबर

वाचतेय. मला वाटायचं साखर म्हणजे इन्सुलिन संपणं. तसं नाही, निदान या प्रकारात नाही. इन्सुलिन असतं, सुरुवातीला तर भरपूर असतं. शरीर त्याचं ऐकेनासं होतं. ते हाक मारत राहतं, स्नायू दाद देत नाहीत. मग ते आणखी मोठ्याने हाक मारतं, आणि एक दिवस त्याचा घसाच बसतो. तोवर बाहेरून सगळं ठीक दिसतं. तपासल्याशिवाय कळत नाही.

स्वयंपाक बदलला. पांढरा पाव बंद, राईचा आणला. बटाट्याऐवजी घेवडा आणि कोबी. रोज जेवल्यावर तिमोक नदीच्या काठाने चालणं. खालच्या मजल्यावरून सासूबाई वर आल्या आणि पाव बघून त्यांनी छातीवर क्रॉसची खूण केली.

“कैद्याला देतात हा,” त्या म्हणाल्या. “माझा नवरा जन्मभर पांढरा पाव खाऊन जगला.”

मी म्हणाले, आई, ते एकावन्नाव्या वर्षी गेले.

“खिळ्याने गेला. साखर नव्हती त्याला. तिखट माणूस होता. हात पण तसाच होता त्याचा, उचलला की उचलला.”

मला पुन्हा तोच हलकेपणा वाटला. बाप तसा, मुलगा तसा; म्हणजे बापालाही साखर होतीच, न कळलेली. इस्क्राला हे सांगितलं तर ती सफरचंद चावत म्हणाली, “मग शेजारच्या मिलोयेलाही असेल. आणि पोलीस चौकीतल्या त्या जाड्यालाही. अख्ख्या गावाला इन्सुलिन द्या, आई.”

१५ सप्टेंबर

काल आयवार केला. अंगणात तीन पोती लाल मिरच्या भाजल्या, सोलल्या, वाटल्या, मोठ्या कढईत शिजत ठेवल्या. कढई हलवायची पाळी द्रागिशाची होती. मी म्हणाले, तळाला लागतंय. त्याने उकळत्या आयवारातला लाकडी दांडा काढून माझ्याकडे भिरकावला. तो खांद्याला लागला, पण रस मानेवर आला. फोड आले आहेत, चार. मागोमाग कढईला लाथ. तीन पोती मिरच्या मातीत गेल्या. कुत्रं चाटायला आलं, त्यालाही लाथ.

तो शांत झाल्यावर घरच्या मीटरसाठी त्याचं बोट टोचलं. तेरा.

खरं सांगायचं तर मानेवर बर्फ धरलेला असताना मला थोडं समाधान वाटलं. आकडा जुळला. गोळ्या सुरू होऊन तीन आठवडेच झालेत.

२९ सप्टेंबर

आज कूम झिवादिनकडे राकियाची भट्टी होती. झिवादिन लग्नात द्रागिशाचा साक्षीदार, इस्क्राचा धर्मपिता. आमच्यात कूमचा शब्द भावापेक्षा वर. प्लमचा वास पार रस्त्यापर्यंत. द्रागिशाने पहिल्या धारेचे चार पेले घेतले, मग अक्रोडाचा केक, मग परत पेले. परतताना मी टोचलं तर सोळा. मी रात्रभरासाठी मनाची तयारी केली.

काही झालं नाही. उलट दिवसभर तो इतका गोड वागला. झिवादिनच्या म्हाताऱ्या आईला उचलून खुर्चीसकट सावलीत ठेवलं, तिच्याशी नाचायची बतावणी केली. झिवादिनच्या मेव्हण्याने त्याच्या गॅरेजची टिंगल केली ती हसून घेतली. मला सगळ्यांसमोर ‘माझी रसायनवाली’ म्हणाला.

बहुधा मोकळ्या हवेचा परिणाम. चालणंही वाढलंय. हा आकडा जुळत नाही, पण एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नये.

१२ ऑक्टोबर

सात! उपाशीपोटीची. डॉक्टरीणबाईंनी द्रागिशाच्या पाठीवर थाप मारली. पेर भरलं, पट्ट्याला नवं भोक पाडावं लागलं तेही योग्य कारणाने. तो आता बाजारात भेटेल त्याला बोट दाखवतो आणि आकडा सांगतो, जणू मासा पकडलाय. टोचायची वेळ झाली की स्वतः हात पुढे करतो. दोन आठवड्यांत एकदाही काही नाही.

बाईंनी आम्हा सगळ्यांनाच तपासायला बोलावलं होतं, कारण घराण्यात असतं. सासूबाई आल्या नाहीत. म्हणाल्या, जे शोधाल ते सापडेल. इस्क्राची उत्तम. माझी काठावर. मी घाबरले तर बाई म्हणाल्या, काठावर आहात हे कळलं हेच बरं, काठावरून माणूस मागे वळू शकतो, खड्ड्यात पडलेल्याला तेवढं सोपं नसतं. वजन थोडं उतरवायचं, रोज चालायचं, झोपायचं नीट. नीट झोपता का, असं विचारलं. मी म्हणाले, आताशा हो.

२४ ऑक्टोबर

मुख्याध्यापकांचा फोन आला होता, प्रयोगशाळेच्या काचसामानाबद्दल. मी बोलताना एकदा हसले. फोन ठेवला तर द्रागिशा मागे उभा. त्याने माझे केस मुठीत धरून कपाळ फ्रिजच्या दारावर आपटलं. एकदा, मग थांबून दुसऱ्यांदा. थांबला होता हे मला नीट आठवतं. मधल्या वेळात त्याने दारावरचं चुंबक खाली पडलं ते उचलून जागेवर लावलं.

नंतर बोट. त्याने स्वतः पुढे केलं. सहा पॉइंट एक.

मीटरच्या पट्ट्या जुन्या असतील म्हणून नवी डबी फोडली. सहा पॉइंट तीन. मग वाटलं, साखर वेगाने उतरत असेल, उतरतानाही माणूस अस्वस्थ होतो, पुस्तकात आहे. हे मी इस्क्राला समजावत होते आणि ती माझ्या कपाळावर गोठवलेल्या मटारची पिशवी धरून होती. तिने पूर्ण ऐकून घेतलं.

“आई, तू आम्हाला काय शिकवतेस? कंट्रोल नमुना. तू त्याचं बोट कधी टोचतेस? त्याने मारल्यावर. तो गॅरेजमध्ये गिऱ्हाइकाशी गोड बोलतो तेव्हा कधी टोचलंस?”

मी म्हणाले, झिवादिनकडे टोचलं होतं.

“किती होती?”

तिने पिशवी माझ्या हातात दिली आणि अभ्यासाला गेली. गेल्या वर्षी तिला माझ्याच विषयात पैकीच्या पैकी मिळाले होते, आणि मला वाटलं होतं मी जरा सैल तपासलं.

१० नोव्हेंबर

स्लावाची तयारी. आपल्या घराच्या संताचा दिवस, आमंत्रण कुणाला नसतं आणि येतात सगळे. पडदे धुतले, चांदी घासली. झिवादिनने रानडुकराचं मांस पाठवलंय. सासूबाईंनी खाली गहू निवडायला घेतला. त्या तीनदा म्हणाल्या की यंदा डॉक्टरच्या नादाने रीत मोडायची नाही. यजमानाने दिवसभर उभं राहायचं, प्रत्येक पाहुण्याचा पेला भरायचा, प्रत्येकाबरोबर एक घोट घ्यायचा, आणि शेवटचा पाहुणा जेवून उठेपर्यंत बसायचं नाही की घास घ्यायचा नाही. संत पाहुणा म्हणून आलेला असतो, त्याच्यासमोर यजमान कसा बसेल.

फ्रिजचं प्रकरण झाल्यापासून द्रागिशा फार चांगला आहे. फुलं आणली होती. मी ठरवलंय की ती वेळ संशयाचा फायदा देऊन सोडायची. मुदत सोळाची आहे. सोळाला संपू दे.

१७ नोव्हेंबर

डाव्या हाताने लिहितेय, अक्षर लागणार नाही. तरी क्रमाने लिहिते.

काल सकाळी द्रागिशाच्या कॉफीपाशी मी एका गोळीऐवजी दोन ठेवल्या. माझा विचार असा: आज गोड गहू, केक, वाइन, राकिया, रानडुकराचं मटण, साखर चढणार, तर आधीच आवर घालावा. डॉक्टरांना विचारलं नाही. त्याने दोन्ही घेतल्या. पाद्री यायचे म्हणून नाश्ता केला नाही. पाद्री आले, मेणबत्ती लागली, पावावर वाइन ओतून तो फिरवला, कापला. मग पाहुणे.

दुपारभर तो उभा होता. पांढरा शर्ट, जाकीट, खांद्यावर टॉवेल. दारातून येणारा प्रत्येक जण ‘स्लावा सुखाची जावो, यजमान’ म्हणायचा, आणि प्रत्येकाबरोबर एक घोट. उन्हं कलली तेव्हा मी पाहिलं की त्याच्या कपाळावरून घाम गळतोय आणि तो पेल्याच्या बाजूला, टेबलक्लॉथवर वाइन ओततोय. झिवादिनने विचारलं, कूम, कुठे लक्ष आहे? द्रागिशा त्याच्याकडे बघून म्हणाला, “आपण कोणाकडचे?” सगळे हसले. यजमानाला चढली. दरवर्षी कुणाच्या तरी घरी चढतेच.

तो स्वयंपाकघरात आला. माझ्या ॲप्रनचं टोक धरलं, लहान मूल धरतं तसं. हात थरथरत होता.

“मला घरी ने,” म्हणाला.

मी म्हणाले, घरातच आहेस. तो खुर्चीत बसला. बावीस वर्षांत स्लावाच्या दिवशी मी त्याला बसलेला पाहिला नव्हता. मी बोट टोचलं. दोन पॉइंट दोन.

तेव्हा सगळं एकदम समजलं. गोळ्या साखर ढकलत होत्या आणि पोटात ढकलायला काही नव्हतं. वरून राकिया, जिच्यामुळे यकृतही साखर सोडत नाही. दोन गोळ्या मी केकसाठी दिल्या, आणि केक यजमान खात नाही. बावीस स्लावा मी त्याला उपाशी उभं पाहिलंय. मग मी विसरले कशी? काल सकाळी गोळ्या ठेवताना मला आठवत होतं का? हे मी कालपासून स्वतःला विचारतेय आणि खात्रीने ‘नाही’ म्हणता येत नाही. ‘हो’ही म्हणता येत नाही.

माझ्या हातात प्लमच्या मुरंब्याची बरणी होती, पाहुण्यांना चमच्याने द्यायची ती. झिवादिन दारात आला, म्हणाला, “झोपवा त्याला, वहिनी. झोपेल आणि उतरेल.” म्हणजे मी नुसती मान हलवायची होती. त्याला पलंगावर नेलं असतं, बूट काढले असते, दार लोटलं असतं. सगळ्या गावाने शपथेवर सांगितलं असतं की राकिया होती. तो ॲप्रन धरून माझ्याकडे बघत होता आणि त्या डोळ्यांत मारण्याचं काहीच नव्हतं. साखर सगळ्यांत खाली होती, आणि असा निरुपद्रवी माणूस मी आयुष्यात पाहिला नव्हता.

मी उभी राहिले. किती वेळ ते सांगता येणार नाही. घड्याळ समोर होतं, मी पाहिलं नाही.

दयेने हात हलला असं लिहिणार होते, पण ते खरं नाही. फडताळापाशी इस्क्रा होती आणि ती मीटरचा आकडा वाचून माझ्या हाताकडे बघत होती. मी झाकण उघडलं.

पाक चमच्याने त्याच्या गालात सोडत गेले. अर्धा बाहेर यायचा, हनुवटीवरून शर्टावर. परत चमचा. मग साखरेचं पाणी, मग पावाचा तुकडा. हळूहळू चेहऱ्यावर रंग आला, थरथर थांबली. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि मला ओळखलं. ओळखलं हे मला त्याच क्षणी कळलं, मी एक पाऊल मागे सरकले त्यावरून.

त्याने शर्ट बघितला. जांभळे डाग. दारात पाहुणे वाकून बघत होते. मग त्याला जाणवलं की तो खुर्चीत आहे.

“मला बसवलंस,” तो म्हणाला. अगदी हळू. “संतासमोर बसवलंस.”

झिवादिनला त्याने हसून सांगितलं की आलोच, पाहुण्यांचे पेले भरा. दार लोटलं. इस्क्रा आत राहिली हे त्याने पाहिलं, तरी. माझा चमच्याचा हात मनगटाशी धरला, फडताळाच्या कडेवर ठेवला आणि दुसऱ्या हाताने कोपराकडून खाली दाबला. घाई नव्हती. ट्रॅक्टरचा गंजलेला बोल्ट सोडवताना तो असाच दाबतो, वजन टाकून, दम धरून. आवाज झाला, सुकं लाकूड मोडताना होतो तसा. मी ओरडले असावे, कारण पलीकडच्या खोलीत क्षणभर सगळं गप्प झालं. मग झिवादिनने गाणं सुरू केलं. बाकीच्यांनी उचललं, नेहमीपेक्षा मोठ्याने.

इस्क्राने टेबलावरचं मीटर घेतलं, नवी पट्टी घातली.

“बाबा, बोट.”

आणि त्याने दिलं. सवयीने, जरा ऐटीतच. माझा हात अजून फडताळाच्या कडेवर तसाच होता. पट्टीने थेंब ओढला. इस्क्राने आकडा माझ्याकडे वळवला नाही, वाचून दाखवला.

“पाच पॉइंट सहा. पुस्तकात छापावी अशी.”

द्रागिशा खूश झाला. म्हणाला, बघ, म्हणजे मुरंबा खाल्ला तरी चालतो. शर्ट बदलला, टॉवेल खांद्यावर टाकला आणि बाहेर जाऊन उभा राहिला, शेवटचा पाहुणा जाईपर्यंत.

सासूबाई खालून कोबीचं पान आणि राकियात भिजवलेलं फडकं घेऊन आल्या. मला बसवलं, मनगटाभोवती गुंडाळलं. हात सराईत होता त्यांचा. गाठ मारून झाल्यावर स्वतःची बाही वर केली. त्यांचं मनगट बाहेरच्या बाजूला किंचित वाकडं आहे; मी ते इतकी वर्षं बघत होते आणि संधिवात समजत होते.

“थंडीत ठणकतं,” त्या म्हणाल्या. “लोकरीचं घालत जा.”

१८ नोव्हेंबर

शाळेत आहे, मधली सुट्टी. बोटं सुजून निळी झालीत, खडू धरवत नाही. शिक्षकांच्या खोलीत सांगितलं की बर्फावर घसरले. सगळ्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. बर्फ अजून पडलेलाच नाही. एकीने माझी चहाची कपबशी उचलून दिली.

मी पडताळून पाहिलं, वही न बघता. अठराला मारलं, तेराला मारलं, सहाला मारलं, पाच पॉइंट सहाला हाड मोडलं. सोळाला नाचला. दोनला माझं ॲप्रन धरून रडवेला झाला. विद्यार्थ्याने असा तक्ता आणून त्याखाली ‘साखरेमुळे’ असा निष्कर्ष लिहिला असता तर मी नापास केलं असतं.

त्याला मधुमेह आहे हे खरं, आणि तो आता आटोक्यात आहे हेही खरं. गोळी एकच घ्यायची, उपाशी घ्यायची नाही, राकिया घ्यायचीच असेल तर पोटात काही असताना, हे मी कागदावर मोठ्या अक्षरात लिहून सासूबाईंकडे दिलं. त्यापुढे त्याची साखर माझी राहिली नाही.

गोळ्यांचं मात्र माझं आहे. ते कुठल्याच तक्त्यात बसत नाही. ते मी बरोबर नेईन.

इस्क्राने सकाळी विचारलं नाही. तिने फक्त हिवाळी बूट पिशवीत भरले, तिचे आणि माझे, आणि पिशवी दप्तरासोबत इथे शाळेत आणली. प्रयोगशाळेत आम्लांच्या कपाटाखाली ठेवली आहे. निशची बस रोज असते. मावशीशी ती बोलली, कधी ते मला माहीत नाही.

मला शब्द आठवतो. आटोक्यात आली, आणि त्यानंतरही. मुदत परवाच संपली.

घंटा झाली. पुढचा तास दुसऱ्या वर्षाच्या वर्गाचा, फळ्यावर लिहायला कुणाला तरी बोलवावं लागेल.

उद्या: सकाळी हाताचा एक्सरे काढायचा, आणि मोडणाऱ्याचं नाव सांगायचं.